खिळा आणि काळं तळं

मित्रांनो, तायनान शहरातल्या एका छोट्या दवाखान्यातलं मी जुनं सोनोग्राफी यंत्र. नवीन आलो तेव्हा माझं कोण कौतुक! डॉक्टर ल्याव स्वतः मला मऊ फडक्याने पुसत. आता माझ्या वायरीला चिकटपट्टी आहे आणि डोक्यावर लोक चहाचे पेले ठेवतात. पोटातल्या बाळाचं चित्र मात्र मी अजून नीट काढतो.

एका सकाळी पेई-शान आली. सोबत नवरा आणि सासूबाई. बाळाचं हृदय छान, कणा सरळ. मग डाव्या मूत्रपिंडात मला एक काळं तळं दिसलं. लघवी जमते ती जागा फुगली होती. पेई-शानचा चेहरा उतरला.

सासूबाई मुलाकडे वळल्या. "ठोक अजून खिळे. बायको पोटुशी असताना झोपायच्या खोलीत हातोडी लावू नये, सांगितलं होतं ना? पोटातल्या बाळाला राखणारा गर्भदेव तिथेच असतो. त्याला बसलेला घाव लागला लेकराला."

"आई, घड्याळ लावायचं होतं."

"बघ मग आता किती वाजलेत."

"डॉक्टर, खिळ्याने होतं असं?" पेई-शानने हळूच विचारलं. शिकलेली मुलगी, पण आईचं काळीज.

"खिळ्याने भिंतीला भोक पडतं, बाळाला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं कुणाचं काही चुकलेलं नाही. बाळाभोवती पाणी पुरेसं आहे, मूत्राशय भरतंय, रिकामंही होतंय. अशी बरीच तळी आपोआप आटतात. पण सगळी नाही. म्हणून पुन्हा बघायचं, जन्मानंतरसुद्धा."

"मी आजच खिळा उपटतो," नवरा म्हणाला.

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या. "उपटायलाही हातोडीच लागते."

पुढच्या खेपेला तळं तेवढंच होतं. त्याच्या पुढच्या खेपेला किंचित लहान. दर वेळी पेई-शान श्वास रोखून माझ्याकडे बघे, आणि मला वाटे, आपल्याला बोलता यायला हवं होतं.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा सगळे रिवाजाप्रमाणे वाटायला लाल रंगवलेली अंडी घेऊन आले. डॉक्टरांनी बाळाच्या कुशीला मला टेकवलं. तळ्याच्या जागी आता जेमतेम एक रेघ होती. त्या ते सांगणार, एवढ्यात बाळाने माझ्यावर आणि त्यांच्या बाहीवर झकास धार सोडली.

"नळाला पाणी जोरात आहे माझ्या नातवाच्या," सासूबाई म्हणाल्या. पेई-शान हसता हसता रडली.

"आई, आता काढू खिळा?" नवऱ्याने विचारलं.

"राहू दे. घड्याळ बरं चालतंय."

मित्रांनो, माझी वायर जपा, वापरल्यावर मला पुसा. माझ्या पडद्यावर काळं तळं दिसलं तर दोष कुणाचा ते शोधत बसू नका. पुढची तारीख तेवढी चुकवू नका. आणि माझ्या डोक्यावरचे चहाचे पेले उचला. पेई-शानने ठेवलेलं लाल अंडं मात्र राहू द्या.