बडग्यासाठी कोट

संपात अख्खी गल्ली घरी बसली, तेव्हा वामनराव मिलच्या मागच्या फाटकानं कामावर जात राहिले. बायको जिजाबाई दवाखान्यात होती, तिचं औषध आणायचं कुठून? पुढं संप फसला आणि त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून त्यांच्याशी कोणी बोलेना. शेजारचे नत्थूजी तर मिलमध्ये त्यांच्यासोबत एकाच खात्यात जन्म काढलेले, पण तेही तोंड फिरवून नळावर जात. दुसरं काहीही सोसलं असतं माणसानं, हे सोसवत नव्हतं.

म्हणून पोळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले पोट्टे दारात आले तेव्हा वामनरावांना काय करू नि काय नको असं झालं. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारी मोठी बाहुली, मिरवणुकीनं निघायची. तिच्यामागं बडग्या असतो. ज्याच्यावर गल्लीचा राग, त्याचं सोंग करायचं, मिरवायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं, ही नागपूरची जुनी रीत.

"काका, बडग्याले जुना कपडा देता का?"

"जुना काहून? चांगला न्या." वामनरावांनी पेटीतला मिलचा खाकी कोटच काढून दिला. आत जाऊन जिजाबाईला म्हणाले, "पाह्यलं का वं? आपल्या दारी आले. विसरले सारे."

तिनं डोळ्यांना पदर लावला.

सकाळी वामनराव आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर उभे. ढोल वाजले तसे सगळ्यांच्या आधी हेच हात वर करून ओरडले, "रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत!"

मारबत पुढं गेली आणि मागून बडग्या गल्लीत वळला. अंगात खाकी कोट, गळ्यात जोड्यांची माळ, छातीवर पाटी: संपफोड्या. पोट्ट्यांनी बडग्या नेमका त्यांच्या ओट्यासमोर थांबवून नाचवला. लोक हसू लागले. वामनरावांचा हात वरच राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

"अवो, आत या," जिजाबाई मागून बाही ओढत होती.

तेवढ्यात नत्थूजी ओट्यावर चढले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं पाहून बोलले, "थांबला काहून गा वामनराव? म्हण ना."

शेजारी बोलला होता. वामनरावांनी म्हटलं, "इडापिडा घेऊन जा रे बडग्या!" मग आणखी मोठ्यानं म्हटलं.