'होय' म्हटलं की नऊ प्रश्न

मधुकर पोंक्षे यांना अर्धवट भरलेला अर्ज बघवत नसे. बँकेत शेजारच्याने पिनकोडचा रकाना रिकामा सोडला, तरी यांचे हात शिवशिवायचे. अशा माणसाला सीबीडी बेलापूरच्या एका खासगी सर्वेक्षण संस्थेने एका सरकारी खात्यासाठी जनगणनेच्या धर्तीवरचा ऑनलाइन अर्ज तयार करायला दिला, म्हणजे वैद्याने पथ्य सांगावं आणि ते नेमकं आवडीचं निघावं, तसं झालं.

लोकांनी घरबसल्या फोनवर आपली माहिती आपणच भरायची, असा तो अर्ज. पोंक्षेंनी त्यात चौसष्ट प्रश्न घातले. एकही रकाना मोकळा सोडायची सोय ठेवली नाही. शिवाय काही प्रश्नांना 'होय' म्हटलं की त्यांच्या पोटातून आणखी प्रश्न निघत. नोकरी करता? होय म्हटलं, की अकरा. बाहेरगावाहून आलात? होय म्हटलं, की आठ. हाताखाली काम करणाऱ्या क्षिप्राने दोनदा सांगून पाहिलं की लोक कंटाळतील. त्यावर पोंक्षेंनी तिला समजावलं की सरकार दहा वर्षांतून एकदा चौकशी करतं, तेव्हा माणसाने पाऊण तास द्यायला काय हरकत आहे? स्वतः त्यांनी तो अर्ज एकदाही भरून पाहिला नव्हता.

चाचणीसाठी घणसोली गावातली दोनशे घरं निवडली. आठवड्याभरात माहिती आली आणि पोंक्षे हरखून गेले. विशेषतः कमळाकर म्हात्रे यांच्या चाळीवजा इमारतीतल्या एकोणीस खोल्या. एकोणीसच्या एकोणीस अर्ज पूर्ण. एक चूक नाही, एक रकाना रिकामा नाही. त्यांनी ते पान छापून भिंतीवर लावलं आणि क्षिप्राला मुद्दाम बोलावून दाखवलं.

तिने ते शांतपणे वाचलं. मग विचारलं, "सर, एकोणीस खोल्यांत मिळून एकही माणूस नोकरी करत नाही?"

पोंक्षेंनी चष्मा पुसला. खरंच, कोणीच नोकरी करत नव्हतं. सगळे जन्माने घणसोलीचे होते. आणि लहानथोर सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी होता, एक जानेवारीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः घणसोलीला गेले. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून स्कूटर आली तर एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढावं. कमळाकर कामाला गेले होते. त्यांची बायको पुतळाबाई दारात बसून सुका जवळा निवडत होती. पोंक्षेंनी ओळख सांगितली. तिने खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि काही एक न लपवता सगळं सांगून टाकलं.

आधी तिने आपल्या घरचा अर्ज सुनेच्या, भाविकाच्या, फोनवर खरा खरा भरायला घेतला होता. सासू सांगत होती, सून दाबत होती. अठ्ठावन्नाव्या प्रश्नाला फोनने 'वेळ संपली' म्हणून सगळं पुसून टाकलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा दोघींना वाट सापडली. भाडेकरूंपैकी बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचेही अर्ज पुतळाबाईने परोपकार म्हणून भरून टाकले. जन्मतारखेला फोन आपणहून एक जानेवारी दाखवायचा, ती तशीच राहू दिली.

"तुमच्या फोनला 'नाय' बोललं का तो गुपचूप पुढं जातो," ती म्हणाली. "'हाय' बोललं का मंग बसतो चौकश्या करीत. येका खोलीला तीन मिनटं लागली मना."

पोंक्षेंना राग यायला हवा होता. पण चहा चांगला होता आणि बाईच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. त्यांनी वही काढली आणि सहज विचारावं तसं खोल्यांबद्दल विचारलं. अर्ध्या तासात पुतळाबाईने एकोणीस खोल्यांचा इतिहास सांगितला: कोण आजमगढचं, कोण जालन्याचं, कोणाची बायको बाळंतपणाला गेली आहे, कोण तुर्भ्याच्या कारखान्यात कोणत्या पाळीला जातो. सात नंबरच्या खोलीपाशी ती अडखळली. तिथे पाच जण राहत, पण तीन रात्रपाळीचे होते.

"तुमी इचारता, काल राती कोन झोपलं. झोपले दोगंच. बाकीचे दिवसा झोपतात. त्यांना मानसांत धरायचं का नाय?"

अर्जातला हा रात्रीचा प्रश्न पोंक्षेंनी अत्यंत काळजीपूर्वक तयार केला होता. त्यांनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

तरीही त्यांचं मन पुरतं वळलं नव्हतं. लोकांना सवय नाही, एवढंच, असं ते स्वतःशी म्हणत राहिले. आणि ते सिद्ध करायला रविवारी सकाळी सानपाड्याच्या आपल्या घरी पोहे खाऊन ते स्वतः अर्ज भरायला बसले. पहिले वीस प्रश्न झरझर गेले. तिसाव्याला पाठ अवघडली. चाळिसाव्याला छताचं साहित्य विचारलं होतं. आपल्या डोक्यावर वरच्या मजल्यावरच्या माणसाची फरशी आहे, तर छत कोणाचं, यात दहा मिनिटं गेली. एकावन्नावा प्रश्न होता: घरातलं कोणी शिक्षण किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहतं का? 'होय' म्हटलं की पुढे नऊ प्रश्न होते. ते त्यांनीच लिहिले होते, त्यामुळे पाठ होते. त्यांनी 'नाही' दाबलं.

पत्नी सुमेधा मागे उभी राहून बघत होती. मुलगा स्वानंद चार वर्षं बंगळुरात नोकरीला होता.

"स्वानंदला काढून टाकलंत?" तिने विचारलं.

पोंक्षेंचे कान लाल झाले. त्यांनी मागे जाऊन उत्तर बदलायचा प्रयत्न केला, तर अर्ज मागे जाऊ देईना. तीही त्यांचीच कल्पना होती. लोकांनी उत्तरं फिरवू नयेत म्हणून. मग त्यांनी स्वानंदला फोन लावला आणि कारण न सांगता बराच वेळ त्याची विचारपूस केली. खोली कशी आहे, ऑफिसला कसा जातोस, जेवायचं काय करतोस. स्वानंदला बाबांची तब्येत बरी नाही की काय, अशी शंका आली.

सोमवारी त्यांनी क्षिप्राला बोलावलं आणि दोघं चार दिवस तो अर्ज कापत बसली. चौसष्टाचे एकतीस झाले. 'होय-नाही'चे सगळे प्रश्न आधी एकत्र विचारायचे आणि तपशील नंतर, म्हणजे लबाडी करायची वाट आधीच कळत नाही, ही युक्ती क्षिप्राची. मागे जायची सोय आली, रकाना मोकळा सोडायची मुभा आली, हिंदी आली. 'माहीत नाही' हा पर्याय घालताना पोंक्षेंचा हात थांबला, पण घातला त्यांनीच. छताच्या प्रश्नासाठी ते शेवटपर्यंत भांडले आणि हरले.

दुसऱ्या चाचणीची माहिती आली ती पाहायला काही सुंदर नव्हती. ठिकठिकाणी 'माहीत नाही', मध्येच रिकामे रकाने. पण म्हात्र्यांच्या एकोणीस खोल्यांतल्या सतरा बिऱ्हाडांनी आपलं मूळ गाव लिहिलं होतं आणि एकवीस माणसांना नोकऱ्या लागल्या होत्या. ते पान पोंक्षेंनी स्वतः पुतळाबाईला नेऊन दाखवलं. तिने अर्ज अजून लांबच आहे, असं सांगितलं.

काम देणाऱ्या खात्याचे साहेब मात्र बैठकीत नाराज दिसले. एवढे रकाने रिकामे कसे, असं त्यांनी विचारलं, आणि वर आणखी पाच प्रश्न वाढवायची सूचना केली. पोंक्षेंनी वाद घातला नाही. त्यांनी आपला फोन पुढे केला आणि आधी हा एकतीस प्रश्नांचा अर्ज साहेबांनी भरून पाहावा, अशी विनंती केली. साहेबांनी आनंदाने घेतला. बाविसाव्या प्रश्नाला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि उरलेले जेवण झाल्यावर भरले तर चालतील का, म्हणून विचारलं.