सोजराच्या हातचं पानी

माय वो, त्या दिवशी माह्या जिवाले चैनच नव्हती! उंद्रीहून माह्या सोजराची सासू रुक्मिणीबाई येनार होती. पोट्टी शहानी झाली का, तिले न्हान आलं का, ते पाह्याले. शहानी झाली की सासरी न्याची, असं लग्नातच ठरलं होतं.

लग्न तरी काय लग्न! लहान पोरींच्या लग्नावर कायदा येऊन राह्यला म्हून सारं गाव घाईवर आलं, अन् सोजराच्या बापानं बारा वर्सांची पोर तिशीच्या बिजवराले देली. सणाले आठ दिवस सासरी गेली, तं दंडावर डाग घेऊन आली. नवऱ्यानं देलेला. सासू म्हने, चुलीवर पडली. काऊन वो, चूल काय उलथन्याच्या आकाराची असते?

मी तवाच ठरवलं, पोर तिकडं धाडाची नाही. दोन महिन्यांआधी सोजराले पहिल्यांदा कावळा शिवला, तं कोनाले सांगतलं नाही, तिच्या बापालेही नाही. दूर बसवली नाही. घागर उचलाले लावली. पोट्टी म्हने, "माय, पाप लागन."

"लागलं तं मले लागन. तू पानी भर."

अन् नेमकी सासू आली त्याच दिवशी पोट्टीची पाळी! रुक्मिणीबाई ओसरीवर टेकली. एकादशी होती, बाई नुसत्या पान्यावर होती. "पोरी, पानी आन." मी दारातून आत, आतून दारात. सोजरानं तांब्या देला. सासूनं तोंडाशी नेला. सुटलो, म्हनलं.

तं पोट्टी वरडली, "आत्याबाई, पिऊ नका! तुमचा उपास बाटन!"

जिनं हिचा डाग झाकला, तिच्या उपासाची हिले काळजी! वळन मीच लावलं होतं ना. मले माहाच राग आला.

सासूनं तांब्या खाली आदळला. अर्धं पानी सांडलं. "लपवून ठेवली व्हय? आत्ताच घेऊन जातो!"

मी सोजराची बाही वर केली. "हे ज्यानं केलं, त्याच्या घरी माही पोर जानार नाही. तिच्या अंगाले डाग द्याचा हक कोनाले नाही."

"विटाळाचं पानी पाजता, अन् वर तोंड? विचार तिच्या बापाले!"

सोजराचा बाप दारातच उभा होता. डाग त्यायनं पहिल्यांदा पाह्यला. लय वेळ पाह्यला. एकादशी त्यायलेही होती, जन्मात कधी मोडली नव्हती. वाकून त्यायनं तोच तांब्या उचलला अन् उरलेलं पानी पिऊन टाकलं.

"विहीनबाई, एकल्याच जा," ते म्हनले.

"बाबा, तुमची एकादशी!" सोजरा रडाले लागली.

त्यायनं तांब्या तिच्या हाती देला. "अजून भरून आन, बेटा. तहान हाय."