सम्राज्ञीचं बेडं

अवकाशात नव्याने राज्य मांडायचं असेल तर एक गोष्ट आधी ऐकून ठेवा. शेजारचा बडा राजा सल्ला द्यायला लागला की मान डोलवावी, चहाचं विचारावं आणि मग आपल्याला हवं तेच करावं. मला हे सांगायला कोणी नव्हतं. कारण माझ्या शेजारचा बडा राजा म्हणजे माझाच मुलगा देवदत्त, आणि नवशिक्यांसाठीचे सल्ले देणाराही तोच.

मी नीरजा. पोस्टातून निवृत्त झाले, रत्नागिरीत एकटी राहते. घर चिऱ्याचं, सासरच्या जुन्या जागेवर माझ्या नवऱ्याने आणि मी हौसेने बांधलेलं. मागे हापूसची कलमं आहेत. नवरा गेल्यावरही माझं काही अडत नव्हतं. गेल्या श्रावणात मात्र मागच्या पायरीवरच्या शेवाळावरून पाय सटकला, मनगट मोडलं आणि देवदत्त पुण्याहून धावत आला. त्याने माझं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घातली. ते मी विसरणार नाही.

पण जाताना तो माझं घर बरोबर घेऊन गेला. बँकेचे निरोप त्याच्या फोनवर जायला लागले. सिलिंडर पुण्याहून नोंदवला जाऊ लागला. ओटीवर कॅमेरा बसला. दुपारी खुर्चीत जरा डुलकी लागली की फोन वाजायचा, "आई, मान अवघडेल, आत जाऊन झोप." प्रत्येक वेळी "तुला त्रास नको" म्हणायचा. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. प्रेमाने कोणी गळा धरला तर ओरडायचं तरी कसं?

हात गळ्यात बांधलेला असताना मन रमावं म्हणून त्याने आपला जुना लॅपटॉप दिला आणि त्यात हा खेळ घालून दिला. दर रविवारी दुपारी तो पुण्याहून खेळायचा, मी इथून. खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाला एक तारा मिळतो. तिथून पुढचे तारे धरायचे, धान्य-धातू-ऊर्जा जमवायची, जहाजं बांधायची. काही राज्यं संगणक चालवतो, काही माणसं. एक शेवटचं साल ठरलेलं असतं, ते उजाडलं की खेळ संपतो.

मी डाव्या हाताने साम्राज्य सुरू केलं. ताऱ्यांना नावं द्यायची मुभा होती, मी आमच्या जिल्ह्यातल्या गावांची दिली. सगळ्या वाटा जिथे मिळत होत्या त्या ताऱ्याला मी हातखंबा म्हटलं. उत्तरेला पार टोकाला एक खडकाळ ग्रह सापडला, त्याचं मंडणगड केलं. राजधानीला मात्र घराचंच नाव दिलं. देवदत्त फोनवर हसून हसून लोळला.

"आई, जरा भारदस्त नाव दे ना!"

"माझं राज्य आहे. तुझ्या राज्यात तू दे भारदस्त."

दिवाळीला मी पुण्याला गेले तेव्हा त्याने विषय काढला. कायमची इकडे ये, म्हणाला. मी नको म्हटलं. त्याच दिवशी खेळात चाच्यांनी माझं मंडणगड लुटलं होतं, कारण मी तिथे एकही जहाज ठेवलं नव्हतं. तो पटकन बोलून गेला, "एक ग्रह सांभाळता येत नाही आई तुला, घर काय सांभाळणार आहेस?"

चेष्टाच होती ती. पण मला झोंबली. मी करंजी ताटात परत ठेवली.

"ठरलं तर मग," मी म्हटलं. "शेवटचं साल उजाडेल तेव्हा माझ्या राजधानीवर माझा झेंडा असला, तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. नसला, तर मी सामान बांधते."

"आई, खेळावर असं काही ठरवतात का?" माझी सून ऋजुता म्हणाली.

"तू साक्षीदार," मी तिला सांगितलं. देवदत्तने हसत हात पुढे केला. होळीला तो रत्नागिरीला आला तेव्हा गाडीतून रिकामी खोकी घेऊन आला आणि माळ्यावर ठेवून गेला. सामानासाठी! इतकी त्याला खात्री.

त्याचे सल्ले वाईट होते असं मी म्हणणार नाही. जेवढ्यांना जेवू घालता येईल तेवढेच ग्रह धर, हे त्यानेच शिकवलं. ऊर्जा साठवून कुजवू नकोस, लढण्याआधी टेहळणी कर, हेही त्याचंच. मी शिकत गेले आणि चाच्यांना मंडणगडावरून पळवून लावलं, तेव्हा फोनवर त्याने खरोखर टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी एकटीसाठी शिरा केला.

घोळ एकाच सल्ल्यात होता. "नवख्यांनी सीमा खुल्या ठेवाव्यात. शेजाऱ्याशी सलोखा राहतो." मी सीमा खुली केली. आधी माझ्या राज्यातून त्याचं एक टेहळणी जहाज गेलं. मग व्यापारी तांडे जायला लागले. मग लढाऊ जहाजं. शिमग्यानंतर बघते तर माझ्या हातखंब्यात त्याचा तळ उभा.

"हे काय रे? मला न विचारता?"

"तुझ्या रक्षणासाठी गं. आता मी पलीकडच्या राज्यावर जातोय. ते पडलं की तुझ्या चारी बाजूंना मीच. मग मांडलिक हो ना सरळ. राजधानी तुझी, शेती तुझी, लढायचा ताप माझा. झेंडा तेवढा माझा लावायचा."

"आणि नाही झाले तर?"

"मग मला तुला जिंकावं लागेल, आई." हे तो इतक्या मायेने म्हणाला की मला पुण्यातली ती खोली डोळ्यांसमोर दिसली. माझ्यासाठी रंगवून ठेवलेली, पश्चिमेची खिडकी असलेली. पलंग माझा, कपाट माझं आणि झेंडा त्याचा. मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

आता आमच्या वाटेचं सांगते. आमच्या कलमांमधून एक वाट जाते. मागच्या अंगाला राहणारा आत्माराम आणि त्याच्या घरचेही आमच्यासारखे त्याच वाटेने रस्त्याला लागतात. कोणी त्यांना कधी अडवलं नाही. पण वैशाखात आंबा उतरवायच्या आधी एक दिवस सासूबाई बेडं घालायच्या. बेडं म्हणजे गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, तोंडाशी आडवे अडकवायचे दांडे, आमच्याकडचं फाटक. त्या दिवशी जाणाऱ्याने हाक मारायची, "जाऊ का?" विचारायचं. विचारलं की त्या स्वतः उठून दांडे काढायच्या आणि वर हातावर काहीतरी गोड ठेवायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा मला हा आडमुठेपणा वाटला होता. शेवटी सोडायचंच तर अडवायचं कशाला? त्या म्हणाल्या, "अडवत नाही गो मी. वाट कोणाची आहे ते वर्षातून एकदा दोघांनी आठवायचं. नाहीतर त्यालाही विसर पडतो आणि आपल्यालाही."

आत्माराम अजून तो दिवस पाळतो. हसत हसत ओरडतो, "वैनी, बेडा घातलाव वाटतं! जाऊ ना मी?"

आणि मी, एवढं सगळं शिकलेली बाई, खेळातली सीमा एकदाही बंद केली नव्हती. कॅमेऱ्याला, बँकेला, सिलिंडरला तरी कुठे बेडं घातलं होतं?

पुढच्या रविवारी देवदत्तची झाडून सगळी जहाजं माझ्या राज्यातून पलीकडे गेली. लढाईला तोंड फुटलं. त्यांची रसद माझ्या हातखंब्यावरून जात होती. मी शांतपणे सीमेचं पान उघडलं आणि 'बंद' दाबलं.

लगेच फोन. "आई, चुकून काहीतरी दाबलं गेलंय तुझ्याकडून. सीमा बंद दिसतेय."

"चुकून नाही."

"अगं, माझी रसद तुटेल. उघड लवकर."

"खेळात 'वाट मागा' असं बटण आहे. ते दाब. मी लगेच देते."

"मागायचं काय त्यात? आपली सीमा आहे!"

"माझी आहे," मी म्हटलं. "विचार."

मला वाटलं, विचारेल. एक बटण तर दाबायचं होतं. तेवढ्यात माझ्या पडद्यावरचा बाण हलला. माझा हात माउसवर नव्हता, मी तर पदराने चष्मा पुसत होते. बाण सरळ सीमेच्या पानावर गेला, आणि 'बंद'चं 'खुली' झालं.

लॅपटॉप देताना काही अडलं तर मदतीला म्हणून त्याने पुण्याहून तो चालवायची सोय करून ठेवली होती. हे मला माहीत होतं. तो ती अशी वापरेल हे मात्र स्वप्नातही आलं नव्हतं. आपल्याच घरात आपला हात दुसऱ्या कोणी उचलून पानावर सही करावी, तसं वाटलं.

"देवदत्त," मी म्हटलं, "माझ्या घरातून बाहेर हो."

"आई, खेळ आहे हा..."

"बाहेर हो म्हणते ना!"

एवढं ओरडले मी त्याच्यावर, तेही तो चाळिशीला टेकलेला असताना. फोनवर धडपड ऐकू आली आणि मग ऋजुताचा आवाज आला. ती सगळं ऐकत असणार. "आई, वरच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात एक लाल खूण आहे. ती दाबा. मग विचारेल, कायमचं काढायचं का. हो म्हणा."

मी दाबलं. हो म्हटलं. बाण जागीच थांबला आणि पुन्हा माझा झाला. मी सीमा बंद केली.

"अगं, तू कोणाच्या बाजूने आहेस?" मागे देवदत्त विचारत होता.

"मी साक्षीदार आहे," ऋजुता म्हणाली.

रसद तुटलेली जहाजं पलीकडच्या राज्याने एकेक करून खाल्ली. त्याला अजूनही 'वाट मागा' दाबता आलं असतं. त्याने दाबलं नाही, आणि हा हट्टीपणा कोणाकडून आला हे मला सांगायची गरज नाही. शेवटचं साल उजाडलं तेव्हा गुणांच्या यादीत मी पार खाली होते. चार फुटकळ तारे, थोडी शेती, एक मंडणगड. पण राजधानीवर झेंडा माझा होता.

"आई, तू हरलीस तशी. तळाला आहेस," तो म्हणाला.

"मला वर जायचंच नव्हतं रे. मला राहायचं होतं."

त्या संध्याकाळी मी ओटीवरच्या कॅमेऱ्यावर कापडी पिशवी चढवली आणि खुर्चीत मनसोक्त डुलकी काढली. फोन वाजला नाही. जाग आली तेव्हा मान खरंच अवघडली होती, पण ते काही मी त्याला कळवलं नाही.

आंबे उतरल्यावर तो ते न्यायला आला. खऱ्या हातखंब्याला पोचलो म्हणून फोन केला, एरवीसारखाच, पण आवाज पडलेला. पिशवी चढवलेल्या कॅमेऱ्याकडे त्याने पाहिलं आणि चपला काढून आत आला. मी माळ्यावरची ती खोकी काढली, तळाशी गवत घातलं आणि आंब्यांनी गच्च भरून दिली. जेवताना म्हणाला, "आई, तो बाण... मी तसं करायला नको होतं."

"नकोच होतं," मी म्हटलं. "बँकेतला नंबर मी सोमवारी बदलून घेते. घरात पडले-झडले तर पहिला फोन तुलाच करीन. पण फोन मी करायचा." त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण म्हणून मी शब्द मागे घेतला नाही. आंबरस मात्र त्याला दोनदा वाढला.

यंदा आंबा आधी तयार झाला आणि बेड्याचा दिवस पाळायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पाळला. देवदत्तने खोकी गाडीत भरली, गाडी वाटेच्या तोंडाशी नेली आणि थांबवली. समोर दांडे आडवे. तो खाली उतरला. सवयीने त्याचा हात दांड्याकडे गेला, आणि दांड्याला लागायच्या आधीच थांबला. तो मागे वळला. मी ओटीवर उभी होते.

"आई," त्याने हाक मारली, "जाऊ का?"

लहानपणी समुद्रावर जायला विचारायचा, अगदी तसं. मी पायरी उतरून गेले आणि दोन्ही दांडे स्वतःच्या हाताने काढले, मोडून सांधलेल्या मनगटाने. त्याच्या हातावर आंबावडीचा तुकडा ठेवला.

"जा. आणि ये," मी म्हटलं. "विचारून ये."

गाडी वळणाआड गेली. मी दांडे उचलून पुन्हा जागच्या जागी अडकवले. आत्माराम अजून यायचा होता.