बारकूच्या गळ्याइतकी उंची

"दरसाल ह्याला मिठी मारायची आन् दरसाल ह्यानं पोट वाढवून बसायचं. कुनी जेवायला घालतं का काय ह्याला," बारकू सागाच्या बुंध्यापलीकडून पुटपुटला.

संध्याला ते स्पष्ट ऐकू आलं. दोघांच्या मध्ये एका झाडाचीच काय ती जाडी होती. पलीकडून आलेलं पट्टीचं टोक तिनं धरलं, ताणलं आणि आकडा वाचला. एकशे चार. मागे दगडावर बसलेल्या, दरवर्षी नोंदी लिहायला सोबत येणाऱ्या तृप्तीनं तो वहीत उतरवला. पूर्वी ती शेजारच्या रकान्यातला गेल्या वर्षीचा आकडाही मोठ्यानं वाचायची आणि बारकू खूश होऊन झाडाला थोपटायचा. या वर्षी ती वाचत नव्हती. वाचू नको असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पेठच्या पुढे, फाट्यावरून आत गेल्यावर लागणाऱ्या या डोंगरावर संध्या बारा वर्षं येत होती. नाशिकच्या एका संशोधन संस्थेत तिची नोकरी होती आणि जंगल मोजणं हे तिचं काम. लग्नाकार्यात कोणी खोदून विचारलंच तर ती समजावून सांगायची. विमानातून लेसरचा उजेड खाली सोडतात, थोडा झाडाच्या शेंड्यावरून परत येतो, थोडा पानांतून निसटून जमिनीपर्यंत जाऊन येतो, आणि दोघांच्या परतण्यातल्या फरकावरून झाडाची उंची कळते. ऐकणारा "अरे वा" म्हणायचा आणि जिलबीकडे वळायचा. पुढचं सांगायचं राहूनच जायचं. वरून शेंडा दिसतो, पण बुंध्याचा घेर दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी डोंगर चढून एकेका झाडाला मिठी मारावीच लागते.

अशी इथं दोनशे चौदा झाडं होती. बुंधा खाली जाड आणि वर बारीक असतो, म्हणून घेर नेहमी एकाच उंचीवर घ्यायचा, जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटीमीटर. पुस्तकात तिला छातीची उंची म्हणतात. पहिल्या वर्षी काठी उभी करून पाहिलं, तर पुस्तकातली छाती पायथ्याच्या गावातल्या बारकूच्या गळ्याशी आली, दोन हाडांमधल्या खळग्यात, अगदी बरोबर. ज्यानं पुस्तक लिहिलं तो गडी उंच असणार, यावर तेव्हा सगळे हसले होते. झाडांवर त्याच उंचीला पिवळ्या रंगाचे पट्टे ओढले होते, पण दोन-तीन पावसाळ्यांत सालीबरोबर तेही गळून गेले. मग एकदा काठी खाली गाडीतच राहिली आणि बारकू म्हणाला, काठीला कशाला परत जायचं, मी हाय ना. तेव्हापासून तो झाडासमोर उभा राहायचा, पट्टी गळ्याखालच्या खळग्याशी धरायचा आणि फिरवायचा. नंबरांचे पत्रेसुद्धा बरेचसे पडून गेले होते, पण त्याला सगळी झाडं तोंडपाठ होती. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे गर्दीत अनोळखी माणसं शोधण्यासारखं झालं असतं.

आकडे वाढत होते. दरवर्षी थोडे, पण न चुकता. संध्या अहवालात लिहायची की गावानं कुऱ्हाडबंदी केल्यापासून इथलं जंगल वाढतंय. बारकू तेच त्याच्या पद्धतीनं सांगायचा. आठवड्याच्या बाजारात, सोयऱ्यांकडे, दुसऱ्या गावांच्या सभेत उभा राहून. आमचं रान वाढतंय, मी सोता मोजलंय. त्याच्या शब्दावर आजूबाजूच्या सात गावांनी बंदी केली. ज्या बायकांना आता सरपणासाठी लांब जावं लागायचं, त्या त्याला तोंडावर शिव्या द्यायच्या, तो ऐकून घ्यायचा.

आणि गेल्या महिन्यात ललितनं ड्रोनवरून पुन्हा लेसर फिरवला. ललित तिच्याच संस्थेतला, वयानं तिच्या निम्मा, स्वभावानं सरळ. बारा वर्षांपूर्वीच्या विमानातल्या मोजणीशी त्यानं नवी मोजणी ताडून पाहिली, तर शेंडे होते तिथंच होते. इतका घेर वाढायचा तर उंचीही थोडी तरी वाढायला हवी होती. संध्यानं त्याला सांगितलं की जुन्या मोजणीतले ठिपके विरळ होते. तो खाली बघत म्हणाला की विरळ ठिपक्यांत शेंडा हुकतो, म्हणजे जुनी उंची कमीच दिसणार, आणि मग वाढ उलट जास्तच दिसायला हवी. हे तिनंच त्याला शिकवलं होतं. ती म्हणाली, पट्टीचं बघू आपण.

जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. बारा वर्षांचा अहवाल याच महिन्याअखेर द्यायचा होता.

आज ललित पहिल्यांदाच डोंगरावर आला होता. सावळघाटात तो सहज म्हणाल्यासारखा म्हणाला की मॅडम, मोजायची काठी आणलीय. संध्या म्हणाली, असू दे गाडीत. मग दोघांनी घाट संपेपर्यंत रस्ता बघितला.

काठी गाडीतच राहिली. तिला काही दिसलंच नव्हतं असं नाही. खरं तर तीन वर्षांपूर्वी चढावर बारकूच्या मागून चालताना तिला एकदा दिसलं होतं, त्याचा सदरा पाठीमागे उचलला गेलाय आणि पुढे लोंबतोय. तिनं तेव्हा स्वतःच्या गुडघ्यांचा विचार केला. आपणही कुठं पूर्वीसारख्या चढतो, असं मनात म्हणून विषय संपवला. पुढच्या वर्षी घेर वाढलेले निघाले आणि तिला आनंदच झाला.

दुपारी बारकूच्या घरी जेवण होतं. दरवर्षी असायचं. त्याच्या बायकोनं, चिमणाबाईनं, नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी केली होती. वाढता वाढता ती म्हणाली की मेली वरची टोपली काढायला आता मलाच पाटावर चढावं लागतं, मागं ह्यांचा हात पुरायचा. बोलून झाल्यावर तिचं तिलाच काहीतरी जाणवलं. ती हसली आणि म्हणाली, टोपलीच कुनी वर टांगली देव जाणे. ललितनं ताटात बघितलं. तृप्तीनं पाणी पिऊन संपलेला तांब्या पुन्हा तोंडाला लावला. संध्यानं आणखी आमटी मागितली. बारकू एकटा शांतपणे जेवत होता.

जेवणानंतर उरलेली झाडं घ्यायला सगळे पुन्हा वर गेले. ऊन तिरपं झालं होतं. संध्यानं एक गोष्ट करून बघितली. आपल्या बाजूची पट्टी तिनं कोणाला कळणार नाही इतपत चार बोटं वर सरकवली. पट्टी वर गेली की आकडा किती उतरतो, ते निदान स्वतःला तरी कळावं म्हणून. बारकू लगेच म्हणाला की म्याडम, पट्टी तिरपी झाली, सरळ धरा. तिनं सरळ धरली. दोन झाडांनंतर तिचा हात पुन्हा वर गेला. या वेळी बुंध्याच्या कडेनं वाकून त्यानं फक्त तिच्याकडे बघितलं.

त्यानंतरचं झाड ऐनाचं होतं, जुनं, खरबरीत सालीचं. बारकूनं पट्टी गळ्याशी लावली. पट्टीच्या वर, तुटलेल्या फांदीच्या खोबणीखाली, पावसापासून वाचलेला पिवळा रंग होता. नखाएवढाच, पण होता. चौघांनाही दिसला.

"घ्या दादा, ओढा पट्टी," संध्या घाईनं म्हणाली.

त्यानं ओढली. तिनं आकडा वाचला, तृप्तीनं लिहिला. पण बारकूनं पट्टी सोडली नाही. त्यानं पट्टी आणि तो रंग यांच्यामध्ये आपली बोटं आडवी धरली. चार बोटं मावली. मग पट्टी ललितच्या हातात देऊन तो वळला आणि झाडाला पाठ लावून उभा राहिला. टाचा मुळाशी टेकवल्या, हनुवटी वर केली, श्वास ओढून घेतला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. खळगा बोटभर वर सरकला, थरथरला आणि परत खाली आला. त्यानं पुन्हा करून बघितलं. पाठीचा वरचा भाग काही केल्या सालीला टेकेना.

"रंग तेव्हाच जरा वर लागला असेल," संध्या म्हणाली.

"रंग मीच लावला व्हता. काठी तुमी धरली व्हती."

ललित काहीतरी सांगू बघत होता, की जंगल कमी झालेलं नाही, बारा वर्षं टिकून राहणं हीसुद्धा मोठीच गोष्ट आहे. ते खरंही होतं. पण त्याचं वाक्य पुरं झालं नाही, कारण बारकू त्याच्याकडे बघतच नव्हता. तो खाली, दरीपलीकडे बघत होता. तिथून सातांपैकी तीन गावं दिसतात. बराच वेळ बघून झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. संध्याला वाटलं, आता तो खाली चालू लागेल, आणि आपण त्याच्यामागून चालू लागू, आणि या वर्षीही हे असंच राहील. तिला त्याचं थोडं बरंही वाटलं.

तो गेला नाही. तृप्तीपाशी जाऊन त्यानं वहीवर बोट ठेवलं. वाचता येत नसलं तरी रकाने त्याला माहीत होते.

"म्याडम, झाडं व्हती तेवढीच हायेत," तो म्हणाला. "मी वाकलो."