कोरा रकाना

वेल्समधल्या आमच्या गावात आडनाव विचारून कोणी सापडत नाही. निम्मं गाव जोन्स. भाड्याने घरं देणाऱ्या एकट्या आमच्या घरकुल संस्थेत एअरवेन जोन्स नावाच्या तिघी होत्या. म्हणून प्रत्येकीला टोपणनाव: एक एअरवेन चाव्या, दुसरी एअरवेन वरचा मजला आणि तिसरी एअरवेन दाग्राय. वेल्शमध्ये दाग्राय म्हणजे आसवं. नवरा आजारी होता त्या वर्षी ती चहाच्या खोलीत रडायची, त्यावरून. नाव ठेवणारी मीच.

आता त्याच तिसऱ्या एअरवेनचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता. विभागप्रमुखाची जागा तिला नाकारली, दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली, आणि आता कायद्याने मागत होती: 'माझ्याबद्दल ऑफिसात जे जे लिहिलं गेलं ते सगळं द्या.' मुदत एक महिन्याची. ती आज संपत होती, आणि असे अर्ज निकाली काढणं हे माझंच काम.

तिचं नाव घालून सगळे मेल शोधून झाले होते. बाकीच्या दोघींचे गाळले, परक्यांची नावं काळ्या पट्टीने झाकली. दोनशे पानं भरली. रजेचे अर्ज, बैठकांच्या वेळा, नुसतं भूस. जागा का नाकारली याबद्दल एक शब्द नाही.

तो शब्द कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या मैत्रिणीला, रिआनला, मी मेलमध्ये लिहिलं होतं: 'दाग्रायला ती खुर्ची देऊ नकोस बाई, भाडेकरू रडायच्या आधी हीच रडेल.' विषयाच्या जागी घातलं होतं 'खासगी'; तिचं खरं नाव त्यात कुठेच नव्हतं. रिआन तेव्हा निवड समितीवर होती. आज ती माझी साहेब आहे.

सकाळपासून तीनदा चहा केला, एकदाही प्यायले नाही. धुतलेला कप पुन्हा धुतला. शेवटी रिआनच्या खोलीत गेले.

"ते खासगी होतं, मेइनिर," ती म्हणाली. "मैत्रिणींचं बोलणं. उद्या माझ्या सासूबद्दल लिहिलेलंही वाटत सुटशील!"

"तुझ्या सासूला इथली जागा नको होती."

"नाव घालून शोधलंस ना? झालं तर मग. अर्जातला इतर नावांचा रकाना तिने स्वतः कोरा सोडलाय."

"तिला ते नाव माहीतच नसेल तर?"

"मग तर तोंडच उघडू नकोस. विकतचं दुखणं कशाला घेतेस?"

खोटं कशाला बोलू, मला पटलं. गोड पटलं. जागेवर येऊन गठ्ठा पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं, आणि ते दाबेना. उठले, बसले, खिडकी उघडली, लावली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शंका असली तर अर्जदाराला विचारावं, असा नियम मीच सगळ्यांना शिकवते. शेवटी फोन लावला.

"एअरवेन, मेइनिर बोलतेय. ऑफिसातून."

"अगं, बोल की. आईचा गुडघा कसा आहे?"

हे असं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरा आहे. तुझ्या अर्जात ना, एक रकाना आहे. दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखतात का म्हणून. तो कोरा आहे."

"हो, आहे."

"काही लिहू का त्यात?"

"काय लिहिशील?"

तीन वर्षं हे नाव मी तिच्या पाठीमागे उडवलं होतं, तोंडावर एकदाही नाही.

"दाग्राय," मी म्हणाले. "एअरवेन दाग्राय. मीच ठेवलं होतं ते. चुकलं गं माझं."

पलीकडे किटलीत पाणी उकळत होतं.

"लिहून घे," ती म्हणाली. आवाज कोरडा ठणठणीत. "तू लिहितेस ते दाग्राय, पुस्तकी वेल्शमधलं. रिआन बोलते तसं लिहिते, दाग्रे. दोन्ही घालून शोध."