नसलेला मायनस

मितेशमामाने अक्षयाचा पेपर टेबलावर आपटला तो असा, की जणू त्यात मेलेली पाल सापडली होती.

"दोनशेपैकी एकाहत्तर! भावोजी, घरचा माणूस म्हणून स्पष्ट बोलतो. इंजिनिअरिंग हिला झेपायचं नाही. सीईटीचा फॉर्मच भरू नका. साधं बी.एस्सी. करू दे."

समोर बसलेल्या बाबांनी मान डोलावली. एकदा नाही, तीनदा! अक्षया शेजारीच उभी होती, तिच्याकडे मात्र त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मितेशमामा म्हणजे आईचा मामेभाऊ. गोखिवऱ्याला एका भांडी पॉलिश करणाऱ्या गाळ्याच्या वर त्याचा क्लास. बारावीला अक्षयाला तिथे घालताना बाबांनी दुसरीकडे साधी चौकशी केली नव्हती. आपल्या माणसाचा क्लास असताना परक्याच्या दारात कशाला जायचं? झालं, विषय संपला. वाडीत लावायला केळीचे कंद आणायचे तर हेच बाबा, गावाचे दिवाकरशेठ, चार वाड्या पालथ्या घालतात, एकेक कंद उलटापालटा करून बघतात, किडका निघाला तर तोंडावर फेकून येतात. पोरीचा क्लास मात्र नात्यावर घेतला.

घरी येईपर्यंत अक्षयाच्या डोक्याचा पार भडका उडाला होता. राग मार्कांचा नव्हता. राग याचा होता, की तिला येत होतं! कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं तिला जवळजवळ माहीत होती. पण मामाने वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या बॅचला दम भरला होता, "यंदापासून सीईटीला मायनस मार्किंग आलंय. चुकलात की मार्क कापणार. शंभर टक्के खात्री असेल तरच गोळा काळा करायचा." त्यामुळे दर रविवारी पोरं पेन हवेत धरून बसायची. डोक्यात उत्तर, हातात पेन आणि कागदावर कोरा गोळा.

दुसऱ्या दिवशी ती तणतणत क्लाराकडे गेली. क्लारा तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिने क्लास लावलाच नव्हता. सीईटी सेलच्या साइटवरची सराव परीक्षा आणि मागच्या वर्षांचे पेपर, एवढ्यावर तिची गाडी चालली होती.

"बस, लाव एक पेपर," क्लाराने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "रडायचं ते नंतर रड."

"मी रडत नाहीये. मी चिडलेय."

"मग चिडून सोडव."

वेळ संपली तेव्हा क्लाराने स्क्रीनवर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "एवढे प्रश्न कोरे? झोपली होतीस काय गं?"

"मायनस आहे ना, बाई!"

"कुठलं मायनस?"

"यंदापासूनचं."

"कोण बोललं तुला?"

"मामा."

 क्लाराने सीईटीची माहितीपुस्तिका उघडली, परीक्षेच्या पद्धतीचं पान काढलं आणि बोट ठेवलं. निगेटिव्ह मार्किंग नाही. अक्षयाने ते दोनदा वाचलं. मग मामाने दिलेला मागच्या रविवारचा पेपर दप्तरातून ओढून काढला. दोघींनी त्यातला एकेक प्रश्न नेटवर शोधला, तर त्यातले कितीतरी प्रश्न शब्द न शब्द दुसऱ्याच एका परीक्षेच्या जुन्या पेपरांतले. ज्या परीक्षेला मायनस मार्किंग असतं, तिच्या!

"म्हणजे गठ्ठा तिकडचा उचलला आणि आम्हाला चिकटवला," अक्षया दातओठ खात म्हणाली. "आणि वर मीच ढ!"

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. मोबाईलवर ते पान दाखवलं. बाबा मोगऱ्याच्या कळ्या निवडत होते, त्यांनी मानही वर केली नाही.

"मितेश खोटं कशाला सांगेल? घरचा आहे तो."

"आणि मी कुठली आहे?"

"अक्षया, आवाज खाली."

आवाज खाली आला, राग नाही. "ठीक आहे. रविवारी सोडायला याल तेव्हा खाली स्कूटरवर बसू नका. वर या. एवढंच करा."

रविवारी बाबा वर आले. मागच्या भिंतीला टेकून अवघडून उभे राहिले. मामा पेपर वाटत होता. अक्षया बाकावरून उठली. आवाज चक्क ठणठणीत निघाला.

"सर, सीईटीला मायनस मार्किंग कुठे लिहिलंय, ते दाखवाल?"

सगळा वर्ग वळला. मामा हसला. "खाली बस. नियम मी बघतो, तू अभ्यास बघ."

"मी बघितला नियम. मायनस नाहीये. आणि हे पेपर सीईटीचे नाहीतच." ती वर्गाकडे वळली. "कोणी एकही प्रश्न कोरा सोडू नका! सोडलात तर हातचे मार्क घालवाल!"

"ए, निघ बाहेर! भावोजी, बघताय ना? डोक्यावर बसवलीत पोरगी!"

बाबा भिंतीपासून पुढे आले. "मितेश, एवढंच सांग. मायनस आहे की नाही?"

"अहो, धाक लागतो पोरांना. नाहीतर वाट्टेल तिथे टिक करत सुटतात."

"आहे की नाही?"

"भावोजी, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

"नाही कळत," बाबा म्हणाले. "म्हणून तर तुझ्याकडे पाठवली होती."

मामाने पेपरांच्या कडा जुळवायला घेतल्या. जुळलेल्याच होत्या, तरी जुळवत राहिला. मग तिसऱ्या बाकावरची संजना, जी वर्षभर हूं की चूं करत नव्हती, ती उठून म्हणाली, "सर, माझ्या पप्पांनी तुमच्या मार्कांवरून माझा फॉर्म भरला नाही. उद्या शेवटची तारीख आहे." एवढं बोलून तिने दप्तर उचललं आणि पळतच जिना उतरली. तिच्यामागोमाग आणखी दोघं. मग खुर्च्या सरकल्याचा आणि सगळे एकदम बोलल्याचा एवढा गलका झाला, की खालच्या पॉलिशच्या मशीनचा आवाज ऐकू येईना.

खाली बाबांनी स्कूटर स्टँडवरून काढली, पण किक मारली नाही.

"आपला फॉर्म आज भरू. इंजिनिअरिंगला लागतो तोच, गणितासकट. तुला हवं तेच."

अक्षयाला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. 

"बाबा, मी दाखवलं तेव्हा तुम्ही बघितलंतसुद्धा नाही."

"चुकलं माझं."

"मामा नुसतं बोलला तर पटलं. मी पुराव्यानिशी सांगितलं तरी नाही."

बाबांनी किक मारली. ती मागे बसली, रोजच्यासारखा त्यांचा खांदा न धरता, मागची दांडी पकडून.

"क्लाराकडे सोडा मला. पेपर लावायचाय. फॉर्म संध्याकाळी भरू. आणि फीचं बटन तुम्ही दाबाल, पण बाकीचं सगळं मीच भरणार."

"बरं," बाबा म्हणाले.

रस्ताभर तिचा हात मागच्या दांडीवरच होता.